काय ठेवावे, काय सोडावे?

"फादर, हा तिकडे काय काम करतो ते तुम्हीच एकदा विचारून घ्या. मी विचारले की म्हणतो, 'आई, मी फेकून देतो.' एवढे शिकवले ते फेकून देण्यासाठी का?"

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर एका माउलीने माझ्यापाशी ही तक्रार केली. तिचा मुलगा आमच्याच धर्मग्रामातील. लहानपणी वेदीसेवक होता. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले, पुढे परदेशी गेला आणि आता काही वर्षे जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत कामास आहे. सुटीसाठी तो घरी आला होता. मी त्यास सायंकाळी बोलावून घेतले. पदार्थविज्ञानाशी माझी ओळख बारावीपुरतीच. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हाती आले आणि ते वीजमंडलांचे धडे मागे पडले. तथापि त्या संध्याकाळी त्याने जे सांगितले ते मला समजले, आणि समजल्यानंतर काही दिवस मला स्वस्थता लाभली नाही. ते का, हे पुढे येईल.

त्यांच्या घरामागे खळ्यावर भाताची उफणणी चालली होती. त्याचे काका तिपाईवर उभे राहून सूप हलवीत होते. दाणा खाली पडत होता, फोल वाऱ्यावर उडत होते. तो म्हणाला, "फादर, माझे काम काकांसारखेच. फक्त सूप एका सेकंदाला चार कोटी वेळा हलवायचे, आणि फोलात गेलेला दाणा पुन्हा वेचून आणता येत नाही."

जिनिव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल एक वर्तुळाकार बोगदा आहे. त्याचा घेर २७ किलोमीटर. त्या बोगद्यात प्रोटॉन या सूक्ष्म कणांचे थवे परस्परविरुद्ध दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवितात आणि ठरावीक ठिकाणी त्यांची समोरासमोर गाठ घालून देतात. २०१५ पासून असे थवे दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांस भिडविण्यात येऊ लागले. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. म्हणजे सेकंदास सुमारे चार कोटी भेटी, आणि प्रत्येक भेटीत एक नव्हे तर अनेक टकरी. टकरीतून नवे कण उडतात. त्यांचा माग घेण्यासाठी त्या जागेभोवती शोधकयंत्रे उभारलेली आहेत. त्यांपैकी सीएमएस नावाचे यंत्र फ्रान्सच्या हद्दीत सेसी या गावाखाली आहे. लांबी २१ मीटर आणि उंची १५ मीटर. आमच्या चर्चच्या इमारतीहून ते उंच भरेल.

आता येथे एक गंमत पाहा. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. २५ नॅनोसेकंदांत साडेसात मीटर. यंत्राची उंची पंधरा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर साडेसातच. तेव्हा पहिल्या टकरीतून निघालेला कण यंत्राच्या बाहेरच्या भिंतीशी पोहोचतो न पोहोचतो तोच मध्यभागी पुढची टक्कर झालेली असते. एक पाहुणा उंबरठा ओलांडून बाहेर पडण्यापूर्वी दुसरा घरात उभा!

प्रत्येक भेटीचे पूर्ण चित्र साठवावयाचे म्हटले तर सुमारे एक मेगाबाइट जागा लागते. चार कोटी चित्रे एका सेकंदात! इतके लिहून ठेवणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही. आणि त्यातील बहुतेक टकरी अगदी सामान्य, हजारदा पाहिलेल्या. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो हिग्ज नावाचा कण शंभर कोटींहून अधिक टकरींमागे एखाद्या वेळी जन्मास येतो, आणि जन्मताच विरून जातो. (वर्तमानपत्रांनी त्यास 'ईश्वरकण' म्हटले, लिऑन लेडरमन या शास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकावरून ते नाव रूढ झाले. मला ते नाव रुचत नाही. जो सर्व कणांचा कर्ता, त्यास एका कणापुरता का करावा?)

तेव्हा चार कोटींतून काही थोडी चित्रे ठेवावयाची आणि बाकीची कायमची सोडावयाची. हे ठरविणारी जी यंत्रणा तिला ट्रिगर म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप ओढला गेला तरच ते चित्र उमटते. एरवी त्या क्षणाचा मागमूस राहत नाही. आमचा हा मुलगा त्या चापाची रचना करणाऱ्या मंडळींत आहे. आईला त्याने सांगितले ते अगदी खरे होते.

मी त्यास विचारले, "अरे, पण निवड करावयास वेळ कुठे आहे? पंचवीस नॅनोसेकंदांत तर पुढची गर्दी दारात."

तेव्हा त्याने अंगणातील जुन्या विहिरीकडे बोट दाखविले. तिच्यावरचे रहाटगाडगे आता मोडून पडले आहे. पण आमच्या पिढीने ते फिरताना पाहिलेले आहे. प्रत्येक भेटीची माहिती अशाच एका गाडग्यात भरली जाते आणि गाडगे पुढे सरकते. मागून दुसरे येते, तिसरे येते. सीएमएसमध्ये अशी १६० गाडगी एकामागून एक चालतात, म्हणजे चार मायक्रोसेकंदांचा अवधी मिळतो. त्याचाही बराच भाग खबर तारांतून शेजारच्या भुयारात नेण्यात आणि निकाल परत आणण्यातच खर्च होतो. गाडगे वर येईपर्यंत 'ठेवा' असा निरोप आला तर त्यातले पाणी पाटात जावयाचे. न आला तर गाडगे उपडे होते आणि त्याच जागी नवे पाणी भरते.

एवढ्या वेळात सारे चित्र पाहणे शक्य नसते. म्हणून पहिली निवड ढोबळ खुणांवरूनच करतात. यंत्राच्या बाहेरच्या थरांत म्युऑन नावाचा, जाड लोखंडातूनही आरपार जाणारा कण दिसला काय? ऊर्जा मोजणाऱ्या थरांत एका जागी मोठा ढीग पडला काय? एका बाजूस बरेच काही उडाले आणि दुसऱ्या बाजूस त्याचा जाब देणारे काहीच नाही, असे झाले काय? या खुणा 'आणि', 'किंवा', 'नसेल तर' या तीन शब्दांनी एकमेकींस जोडावयाच्या: अमुक ऊर्जेचा एक म्युऑन असेल, किंवा त्याहून कमी ऊर्जेचे दोन असतील, तर ठेवा, ढीग आहे आणि समोर काहीच नाही, तर ठेवा. अशा शेकडो अटींची यादी असते. ती संगणकाच्या आज्ञावलीने सावकाश तपासली जात नाही; ज्यांच्या आतील जोडणी हवी तशी बदलता येते अशा खास चिपांत ती अक्षरशः तारांसारखी जोडलेली असते, म्हणजे सर्व अटी एकाच वेळी तपासल्या जातात. चार कोटींतून येथे एक लाख उरतात. मग हजारो संगणकांचा समूह त्या एक लाखांकडे अधिक बारकाईने पाहतो. २०१५ ते २०१८ या पर्वात शेवटी सेकंदास सुमारे एक हजार चित्रे साठविली जात. चाळीस हजारांत एक!

या कामात आपल्या देशाचाही हात आहे. म्युऑन दिसताच चापाला खबर देणाऱ्या पेट्यांपैकी काहींची जुळणी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली.

ही कल्पना काही आजची नव्हे. तिचा उगम पाहू गेल्यास वाटेत एक धर्मगुरूही भेटतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. थिओडोर वुल्फ हे येशूसंघीय फादर नेदरलँड्समधील वाल्केनबर्ग येथे पदार्थविज्ञान शिकवीत. हवेतील अदृश्य किरणांचे मापन करणारे एक नाजूक उपकरण त्यांनी तयार केले होते. १९१० साली ते घेऊन ते पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर चढले. हे किरण जमिनीतून येत असतील तर तीनशे मीटर उंचीवर ते जवळजवळ नाहीसे व्हावयास हवे होते. पण तेथेही ते अपेक्षेहून बरेच अधिक आढळले. पुढे ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून पाच हजार मीटरांहून वर गेले, तेव्हा वर जावे तसे किरण वाढतात हे सिद्ध झाले. किरण पृथ्वीचे नव्हेत, आकाशाचे. हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फादर वुल्फ यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. तथापि मनोऱ्याच्या पायऱ्या त्यांनी आधी चढलेल्या होत्या.

आकाशातून येणारे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. मेघपेटी नावाच्या उपकरणात दमट हवा एकाएकी पसरू दिली म्हणजे कणाच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. तिचे छायाचित्र घेता येते. पण पेटी केव्हा उघडावी? कण काही वर्दी देऊन येत नाही. शास्त्रज्ञ आपले मनात येईल तेव्हा छायाचित्र घेत, आणि बहुतेक काचा कोऱ्या निघत.

यावर उपाय निघाला तो असा. जर्मनीत वाल्टर बोटे यांनी दोन मोजणी-नळ्या एकदम वाजल्या तरच दखल घेण्याची पद्धत बसविली. या कामासाठी त्यांना १९५४ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९३० साली फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे ब्रुनो रोसी या तरुण इटालियन शास्त्रज्ञाने रेडिओच्या दिव्यांचे एक साधे मंडल तयार केले. त्यात दोनच नव्हे, तीन किंवा अधिक नळ्या जोडता येत, आणि सर्व नळ्यांकडून एकाच वेळी खबर आली तरच मंडल 'होय' म्हणे. 'आणि' हा शब्द तारांत बांधला गेला तो असा. त्यांचा सहकारी जुझेप्पे ओकियालिनी ही विद्या घेऊन १९३१ साली केंब्रिजला गेला. तेथे त्याने आणि पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९३२ साली मेघपेटीच्या वर एक नळी आणि खाली एक नळी ठेवली. दोन्ही एकदम वाजल्या याचा अर्थ कण नुकताच पेटीतून आरपार गेला. त्याच क्षणी पेटी आपोआप पसरे आणि छायाचित्र निघे. बोळातून चोर गेल्यावर दिवा लावावा आणि त्याची पावले अद्याप ओली असावीत, तसे! आता बहुतेक काचांवर रेघा दिसू लागल्या. कार्ल अँडरसन यांना अमेरिकेत १९३२ साली आढळलेल्या पॉझिट्रॉन या कणाची खात्री याच पेटीने १९३३ साली पटवून दिली.

हीच युक्ती आपल्या कर्नाटकातही वापरली गेली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह शोधकयंत्रे बसविली. दोन बाजूंस कण शिरताच चमकणाऱ्या प्लास्टिकच्या भिंती, मध्ये निऑन भरलेल्या काचनळ्या. दोन्ही भिंती एकदम चमकल्या की नळ्यांना विजेचा जोराचा दाब मिळे आणि कणाची वाट उजळून निघे. वरून येणारे कण एवढ्या खडकातून खाली पोहोचणे दुर्मीळ. पण आडव्या वाटेने आलेला कण दिसला तर तो न्यूट्रिनोपासून खडकातच जन्मलेला, असा अर्थ निघे. १९६५ साली असे कण तेथे सापडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या एका सोन्याच्या खाणीतही सापडले. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. जेथे सोन्यासाठी माणसांनी हाडे झिजविली, तेथेच हे दुसरे सोने निघाले.

असो. मुलाने हे सारे उत्साहाने सांगितले. मग मी सहज विचारले, "पण तुमची चाळण चुकली तर?"

तो काही वेळ गप्प राहिला. "फादर, रात्री झोप येत नाही ती त्याच विचाराने. आम्ही ज्याची वाट पाहतो त्याचीच खूण चापाला शिकवितो. ज्याची कल्पनाच नाही, त्याची खूण कशी शिकवावी?"

त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. १९७१ साली जिनिव्हातच आयएसआर नावाचे यंत्र सुरू झाले. तेथे एका प्रयोगात इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचा शोध चालला होता. परंतु न कल्पिलेल्या एका प्रकारच्या कणांची एवढी गर्दी उसळली की चाप सारखा ओढला जाऊ लागला. निरुपायाने त्यांनी ऊर्जेचा उंबरठा वर उचलला, म्हणजे लहानसहान खुणा दाराबाहेरच राहतील. राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर जे/साय नावाचा कणही बाहेरच राहिला. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो अमेरिकेत दोन ठिकाणी एकदम सापडला आणि त्याने साऱ्या पदार्थविज्ञानाची दिशा पालटली. यात दुसरीही एक मेख आहे. ज्या गर्दीला कंटाळून दार लावले, ती गर्दीसुद्धा प्रोटॉनच्या पोटात अधिक बारीक आणि कठीण दाणे असल्याची साक्ष होती. म्हणजे उपद्रव म्हणून जे आले, तेही बातमी घेऊनच आले होते.

"मग तुम्ही काय करता?"

"दोन गोष्टी करतो," तो म्हणाला. "एक म्हणजे थांबण्याचा अवधी वाढवितो. नव्या रचनेत सीएमएसला चारऐवजी साडेबारा मायक्रोसेकंद मिळावेत आणि पहिल्या दारातून लाखाऐवजी साडेसात लाख चित्रे आत यावीत, अशी योजना आहे. शेजारच्या एलएचसीबी या प्रयोगाने तर २०२२ पासून पहिले दारच काढून टाकले. सगळे आत घेतात आणि मग संगणकांकडून पाहून घेतात. आणि दुसरी गोष्ट अशी की काही थोडी चित्रे कोणतीही अट न लावता ठेवतो. गर्दीतून डोळे मिटून एकाचा हात धरावा, तशी. त्यांत बहुधा काहीच नसते. पण आम्ही काय फेकतो आहोत, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही."

प्रभूने सांगितलेला गहू आणि निदण यांचा दाखला मला आठवला. तेथे शेताचा धनी कापणीपर्यंत दोन्ही वाढू देतो; त्याच्यापाशी वेळ आहे. या मुलापाशी चार मायक्रोसेकंद आहेत. आणि माझ्यापाशी?

आता मला स्वस्थता का लाभली नाही ते सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री-अपरात्री क्षुल्लक कारणांसाठी उठविले जाण्याचा मला कंटाळा आला. कोणास दाखला हवा असे, कोणाची बैलजोडी सुटलेली असे. मी चर्चच्या सेवेकऱ्यास सांगून ठेवले: रात्री दहानंतर मला उठवावयाचे ते तीन कारणांसाठीच. कोणी मरणासन्न असेल, अपघात झाला असेल, किंवा बाळंतीण अडली असून माझी जीप हवी असेल. नियम चांगला होता. सेवेकरीही प्रामाणिक.

त्या पावसाळ्यात एका रात्री एक शेतकरी फाटकाशी आला. "फादर जागे आहेत का?" सेवेकऱ्याने विचारले, "कोण आजारी आहे?" "कोणी नाही." "अपघात?" "नाही." "मग सकाळी या." तो गेला. सकाळी आला नाही. मला ही गोष्ट कळलीही नाही. सेवेकऱ्याने सांगावे असे तीत काही नव्हतेच.

आठ महिन्यांनी त्याच्या थोरल्या भावाचा मृत्यू झाला. बांधावरून दोघांचे बोलणे दहा वर्षे बंद होते. दफनविधी आटोपल्यावर हा एकटा कबरस्तानाच्या बाहेर उभा होता. मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, "फादर, त्या रात्री माझे मन वळले होते. तुम्हाला बरोबर घेऊन दादाच्या दारी जायचे, असे ठरवून मी आलो होतो. घरी परत गेलो, झोपलो, आणि सकाळी मन पुन्हा पहिल्यासारखे झाले." हे त्याने पापनिवेदनात सांगितलेले नाही, अंगणात, चारचौघांत सांगितले, आणि लिहिण्यास त्याची परवानगी आहे. त्याने मला बोल लावला नाही. सेवेकऱ्यालाही नाही.

माझ्या यादीत ती चौथी अट नव्हती. आज घालावी म्हटले तरी ती कशी लिहावी, हे मला सुचत नाही. कोणाचे मन वळले असेल तर उठवा, असे का सांगावे? सेवेकरी ते फाटकावरून कसे ओळखणार?

मुलगा जानेवारीत परत गेला. त्यानंतर मी सेवेकऱ्यास बोलावून नवा हुकूम दिला. पहिल्या तीन अटी कायम. परंतु रात्री जे कोणी इतर कारणाने येतील त्यांपैकी दर पाचव्या माणसास कारण न विचारता थेट माझ्या दाराशी आणावे. त्याला हे मुळीच पटले नाही. "फादर, पाचवाच का? चौथ्याने काय पाप केले?" या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. तरी त्याने एका डब्यात चिंचोके ठेवले आहेत. माणूस आला की एक चिंचोका खिडकीच्या फळीवर मांडतो.

परवा रात्री साडेअकराला दार वाजले. पाचवा चिंचोका पडला होता. दारात एक दहा वर्षांचा मुलगा कंदील घेऊन उभा. त्यांची शेळी कबरस्तानात शिरली होती आणि एकट्याने आत जावयास त्यास भीती वाटत होती. मी चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर गेलो. सेवेकरी पडवीत उभा राहून हसत होता.